आर्मिडेल: सुरुंग काढायची बोट तिमोरला पाठवलीच कशाला?

यारातीरी

नमस्कार मंडळी,

मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. विल्यम्सटाउनच्या धक्क्याला लागलेली राखाडी बोट दर उन्हाळ्यात आइस्क्रीम खाता खाता बघायची आणि घरी यायचं, एवढीच तिची माझी ओळख. गेल्या रविवारी बाबा बरोबर होते. जन्मभर बंदराच्या कचेरीत नोकरी, त्यामुळे बोट दिसली की पाय थांबतात. "आत सोडतात का विचार," म्हणाले. सोडतात. तिकीट काढून आत शिरलो ते दोन तास बाहेर आलो नाही.

बोटीचं नाव कॅसलमेन. बाथर्स्ट वर्गातली. कागदोपत्री ही 'माईनस्वीपर', म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी. खलाशी मात्र कॉर्व्हेट, म्हणजे छोटी लढाऊ बोट, म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने अशा ६० बांधल्या. लांबी ५७ मीटर, वेग जेमतेम १५ नॉट. पुढे एक ४ इंची तोफ, बाकी २० मिलिमीटरच्या ऑर्लिकॉन, म्हणजे विमानांवर झाडायच्या लहान तोफा. या ऑर्लिकॉनला मागे खांदे टेकवायला दोन कमानी असतात आणि कमरेला आवळायचा पट्टा. बाबांनी खांदे अडकवून बघितले. वय ७४. मी फोटो काढेपर्यंत उतरायला तयार नाहीत.

तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी जी गोष्ट सांगितली ती या बोटीची नाहीच, हिच्या जोडीदारणीची. नाव आर्मिडेल. सिडनीच्या मॉर्ट्स डॉकमध्ये बांधलेली, जून १९४२ मध्ये नौदलात आली आणि १ डिसेंबर १९४२ ला तळाला गेली. सहा महिनेसुद्धा पुरे नाहीत.

२९ नोव्हेंबरला दोघी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनहून निघाल्या. तिमोर बेट, मूळचं अर्धं डचांचं आणि अर्धं पोर्तुगीजांचं, जपान्यांच्या ताब्यात होतं, पण डोंगरात ऑस्ट्रेलियन कमांडो आणि काही डच सैनिक अजून लढत होते. दमलेल्यांना आणि पोर्तुगीज बायकामुलांना बेतानोच्या किनाऱ्यावरून उचलायचं आणि ताजी डच तुकडी उतरवायची, असं काम. कुरू नावाची छोटी गस्ती बोट पुढे गेली होती. वाटेतच जपानी विमानांनी या दोघींना पाहिलं, बॉम्ब टाकले, त्यामुळे बेतानोला पोचायला उशीर झाला. तोवर कुरू सत्तरच्या वर माणसं घेऊन निघून गेलेली. सकाळी समुद्रात गाठ पडली, माणसं कॅसलमेनवर चढवली, ती डार्विनला परतली. कुरू आणि आर्मिडेलला हुकूम आला: पुन्हा बेतानोला जा.

दुपारी तीनच्या सुमारास नऊ बॉम्बफेकी विमानं आणि लढाऊ विमानं आर्मिडेलवर आली. दोन टॉर्पेडो बसले. तीन-चार मिनिटांत बोट गेली. बोटीवर १४९ माणसं, गेली १००.

बाबा गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "सुरुंग काढायची बोट. तिला माणसं आणायला कशाला पाठवली?" तोच प्रश्न इथे टाकतोय. चूक कुणाची?

चहाबाज

वाचतोय. पॉपकॉर्न नाही, कांदाभजी घेऊन बसलोय.

खारवीदादा

चूक कुणाची ते जाणकार सांगतील. सुरुंग कसे काढतात ते मी सांगतो, कारण ते आमच्याच धंद्यातनं गेलंय.

आमची ट्रॉलर आहे, मिरकरवाड्याला. ट्रॉलचं जाळं पाण्यात ओढताना तोंड मिटू नये म्हणून दोन बाजूंना फळ्या असतात. पाण्याच्या जोराने त्या बाहेर फाकतात. सुरुंगवाल्या बोटीही तेच करतात, फक्त जाळ्याच्या जागी पोलादी वायर. वायरच्या टोकाला तशीच फळी, ती वायरला बाजूला नेते. वर एक लांबुळका तरंगता फ्लोट, म्हणजे टोक कुठं आहे ते दिसतं. बोटीजवळ आणखी एक फळी वायर खाली दाबून ठेवते. सुरुंग तळाशी वजन टाकून साखळीने बांधलेला असतो. ही वायर त्या साखळीला घासते, वायरवरच्या कात्र्या साखळी तोडतात, सुरुंग वर येतो. मग लांबून बंदुकीने गोळ्या घालून फोडायचा.

म्हणून तर पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मासेमारीच्या ट्रॉलर घेतल्या नि त्यांच्यावरचे कोळीच कामाला लावले. फ्लोटवाल्या पद्धतीला ओरोपेसा म्हणतात, ते पण एका ट्रॉलरचंच नाव.

शुद्धलेखक

खारवीदादा, प्रतिसाद आवडला. धागाकर्त्यास एक विनंती: 'माईनस्वीपर'ला मराठी शब्द योजावा. सुरुंगनिष्कासक नौका?

चहाबाज

एवढं म्हणेपर्यंत सुरुंग फुटला असता.

आगाऊ_कार्टं

सुरुंगझाडू. स्वच्छ सागर अभियान.

नांगर_उचला

मी नौदलात २२ वर्षं काढली. हुद्दा सांगत नाही, पण पुलावर उभा राहिलेला माणूस आहे. (ब्रिजला आम्ही मराठी पोरं आपसात पूलच म्हणायचो.)

"कशाला पाठवली" हा प्रश्न खुर्चीत बसून सोपा आहे. डिसेंबर १९४२ मध्ये डार्विनमध्ये होतं काय? मोठ्या लढाऊ बोटी दुसरीकडे गुंतलेल्या. व्हॉयेजर नावाची विनाशिका सप्टेंबरमध्ये याच बेतानोला सैनिक उतरवायला गेली होती. ती वाळूत रुतली, विमानांनी गाठली, शेवटी स्वतःच्याच लोकांनी ती उडवून दिली. म्हणजे मोठी बोट पाठवून झालेली होती. बाथर्स्ट बोटींना नाव सुरुंगाचं असलं तरी त्या पहिल्यापासून पडेल ते काम करायच्या: राखण, पाणबुडीचा माग, माणसं नेणं, सामान नेणं. डोंगरात आपली माणसं अडकलीत आणि बंदरात बोट आहे. कुठला अधिकारी तिला बांधून ठेवेल?

तिरकस_तिरोडकर

@नांगर_उचला, पहिली फेरी मान्य. दुसरीचं काय?

नकाशा काढून बघा. डार्विन ते बेतानो साडेसहाशे किलोमीटरच्या वर. १५ नॉटची बोट अख्खी धाप टाकत गेली तरी ताशी २८ किलोमीटर, म्हणजे चोवीस तास. रात्री किनाऱ्याला लागायचं तर आदला दिवस उघड्या समुद्रात, जपानी विमानतळांच्या टप्प्यात काढावाच लागतो. पहिल्या वेळी निदान आशा होती की दिसणार नाही. दिसली, बॉम्ब पडले, शत्रूला कळलं की काहीतरी चाललंय. त्यानंतर त्याच वाटेने, त्याच उजेडात, एकटीला परत पाठवणं याला काय म्हणायचं? आर्मिडेलचा कप्तान रिचर्ड्स विमानांची खबर देत होता, लढाऊ विमानांचं छत्र मागत होता. डार्विनहून तिथल्या नौदलाचे प्रमुख कमोडोर पोप यांनी जे कळवलं त्याचा मथितार्थ असा की हवाई हल्ले ही रोजची बाब धरून चला.

रोजची बाब! डार्विनमध्ये बसून.

नांगर_उचला

डार्विनमध्ये बसून म्हणू नका. फेब्रुवारीपासून डार्विनवर बॉम्बच पडत होते.

यारातीरी

एक तपशील राहिला, तो या वादात महत्त्वाचा वाटतो. आर्मिडेललाच परत का पाठवलं? उतरवायची तुकडी तिच्यावर होती. दोन डच अधिकारी आणि ६१ इंडोनेशियन सैनिक. कॅसलमेनवर सुटका झालेली माणसं भरली, तिचं काम संपलं. आर्मिडेलचं अर्धं काम पोटात तसंच राहिलेलं. कॅसलमेनचा कप्तान दोघांत ज्येष्ठ, त्यानेच हे वाटप केलं. आज एक बोट धक्क्यावर तिकीट लावून उभी आहे आणि दुसरी नाही, ती एवढ्यावर.

कुरूही त्या दिवशी बॉम्ब चुकवत राहिली आणि डार्विनला सुखरूप पोचली. सगळ्यात लहान तीच!

स्वाती_ठाणे

या ६० पैकी चार आपल्या होत्या हे कुणी लिहिलं नाही! बेंगॉल, मद्रास, बॉम्बे आणि पंजाब. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी सिडनीतच बांधल्या. 'बॉम्बे' तर आर्मिडेलच्याच मॉर्ट्स डॉकमधली, म्हणजे सख्खी बहीण. मे १९४२ च्या शेवटच्या रात्री जपानी छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या तेव्हा बॉम्बे तिथेच होती.

आणि बेंगॉल! ११ नोव्हेंबर १९४२, आर्मिडेल बुडण्याच्या तीन आठवडे आधी. ऑन्डिना नावाच्या डच तेलबोटीची राखण करत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे चालली होती. समोरून दोन जपानी छापामार जहाजं, दोन्ही दहा हजार टनांच्या वरची, साडेपाच इंची तोफांची. बेंगॉलवर एकच लहान तोफ. तिने पळायचं सोडून सरळ अंगावर चाल केली. एक जपानी जहाज, होकोकु मारू, स्फोट होऊन बुडालं. बेंगॉल कोलंबोला पोचली. मला वाटतं आपल्या पाठ्यपुस्तकात हा धडा हवा होता.

तिरकस_तिरोडकर

धडा हवा, पण नीट हवा. तो गोळा बेंगॉलचा की ऑन्डिनाचा यावर दोन्हीकडून दावे आहेत. ऑन्डिनाची तोफ मोठी होती, ४ इंची. डच कप्तान त्यात मारला गेला. त्याला बाजूला सारून सगळं आपल्या पदरात कशाला ओढायचं?

स्वाती_ठाणे

पदरात कोण ओढतंय? अंगावर चाल केली एवढंच म्हटलं, ते खरंच आहे ना.

तिरकस_तिरोडकर

आहे.

स्वाती_ठाणे

मग झालं तर.

मुरुडची_माई

समुद्रात बोट बुडाली म्हटलं की आमच्याकडे एकच नाव निघतं, रामदास. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकापाशी कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. माझी आजी गटारीला कधी गोडधोड करत नसे, त्याचं कारण आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तिचा भाऊ त्या बोटीवर होता.

अवांतराबद्दल क्षमस्व.

खारवीदादा

माई, अवांतर कसलं. आमच्यातही ज्यांचा माणूस दर्यातनं मिळाला नाही ते लोक तारीख धरून दिवस घालतात. मिळालेल्यापेक्षा न मिळालेल्याचं घरात जास्त वर्षं चालतं.

लोणचं_मुरलेलं

मुंबईपाशी सुरुंग ही काही पुस्तकातली गोष्ट नाही बरं का. पहिल्या महायुद्धात वुल्फ नावाचं जर्मन छापामार जहाज व्यापारी बोटीच्या वेषात हिंदी महासागरात आलं आणि १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरून निघून गेलं. जूनमध्ये पी अँड ओ कंपनीची मंगोलिया ही प्रवासी बोट त्यातल्याच एकावर जाऊन बुडाली. पेरणारा चार महिन्यांपूर्वीच पसार! सुरुंगाचा वाईटपणा हाच की पेरणाऱ्याला तिथे थांबावं लागत नाही. काढणाऱ्याला मात्र इंच इंच फिरावं लागतं, तेही काही सापडणार नाही अशी आशा धरून.

पानिपतकर

लहान बोटींचं नशीबच फुटकं. १९७१ ची मुहाफिझ आठवा. पाकिस्तानची सुरुंग काढणारी बोट. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या, त्यातल्या 'वीर'ने डागलेलं क्षेपणास्त्र हिला लागलं. इतक्या झटक्यात गेली की मदतीचा संदेशही पाठवता आला नाही. ३३ माणसं. त्यांच्याच झुल्फिकार या बोटीवर दोन दिवसांनी पाकिस्तानच्याच विमानांनी गोळ्या झाडल्या, भारतीय बोट समजून!

आणि हे फक्त त्यांच्याकडेच होतं असं नाही. २७ ऑगस्ट १९४४, फ्रान्सच्या ल हाव्रपाशी ब्रिटोमार्ट आणि हसार या दोन ब्रिटिश बोटी सुरुंग काढत होत्या. ब्रिटिश टायफून विमानांनीच त्यांना रॉकेट मारून बुडवलं. हुकूम बदलला होता, पण ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत तो कागद पोचला नव्हता. शंभराच्या वर गेले. तिसरी, सॅलमँडर, इतकी मोडली की दुरुस्तीचा नाद सोडला.

म्हणजे शत्रूचे सुरुंग परवडले.

आगाऊ_कार्टं

सरकारी कागद हाच सगळ्यात जुना सुरुंग आहे.

यारातीरी

आजोबांनी अर्धा वेळ ज्याच्यावर घालवला त्याचं नाव अजून आलंच नाही. टेडी शीन. टास्मानियाच्या शेतकरी घरातला, हुद्दा सगळ्यात खालचा. वय १८, एकोणिसावा वाढदिवस चार आठवड्यांवर. बोट सोडायचा हुकूम झाल्यावर हा तराफा सोडवायला धावला. जपानी विमानं पाण्यातल्या माणसांवर गोळ्या झाडत होती. त्याला छातीत आणि पाठीत लागल्या. तो वळला, मागच्या ऑर्लिकॉनपाशी गेला, स्वतःला पट्ट्याने बांधून घेतलं आणि गोळ्या झाडत राहिला. एक विमान पाडलं. बोट खाली जात होती, पाणी त्याच्या पायांवर चढलं, तरी तोफ चालूच होती असं वाचलेल्यांनी सांगितलं.

बाबांनी पट्टा हातात धरून बघितला होता तो याच जातीच्या तोफेचा. तेव्हा आम्हाला ही गोष्ट माहीत नव्हती. सांगून झाल्यावर बाबा परत वर गेले, पण या वेळी खांदे अडकवले नाहीत.

पानिपतकर

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ना?

यारातीरी

मिळाला. २०२० साली. ७८ वर्षांनी. आधी युद्धाच्या अहवालात नुसता नामोल्लेख झाला होता. २००१ मध्ये त्याच्या नावाची पाणबुडी नौदलात आली. २०१३ च्या चौकशीने क्रॉस नाकारला, २०१९ च्या चौकशीने द्या म्हटलं, सरकारने पुन्हा नाही म्हटलं, ओरड झाली, मग तिसरी समिती बसली. शेवटी १ डिसेंबर २०२० ला घरच्यांच्या हाती दिला. ऑस्ट्रेलियन नौदलाचा हा पहिलाच.

लोणचं_मुरलेलं

आपल्या मालमत्तेच्या फाइली उगाच बदनाम आहेत.

वाचनमात्र_मृण्मयी

सहा वर्षं नुसतं वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय, कारण एक गोष्ट खटकली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं जकार्तात काढली. इथे आतापर्यंत रिचर्ड्स, पोप, शीन सगळे आले. गेलेल्या १०० पैकी ऑस्ट्रेलियन नौसैनिक ४०. उरलेले ६० त्या डच तुकडीतले, बहुतेक सगळे इंडोनेशियन. म्हणजे जास्त मेले ते हे. पहिला टॉर्पेडो खालच्या डेकवर घुसला, तिथेच ते बसलेले होते. खलाशी नव्हते, तोफ चालवणं त्यांचं काम नव्हतं. दुसऱ्याच्या बोटीत पाहुणे. तिसऱ्याच्या राज्यासाठी, म्हणजे डचांच्या, चौथ्याच्या बेटावर लढायला निघालेले. बोट सोडा असा हुकूम कुठल्या भाषेत झाला असेल, कुणी सांगावं.

तीन वर्षांनी त्यांचा देश डचांशीच लढायला उभा राहिला. डचांच्या वर्दीत मेलेल्याचं कौतुक तिकडे कोण करणार? आणि इकडे सगळ्यांच्या तोंडी शीनचं नाव. या पोरांचं नाव घ्यायला दोन्हीकडे कुणीच नाही.

आणि तिमोरी लोक? ज्यांच्या पोरांनी कमांडोंचं ओझं वाहिलं, त्यांना लपवलं, खाऊ घातलं. सुटका झाली ती कमांडोंची. मागे राहिलेल्यांचा जपान्यांनी काय हिशेब केला असेल? युद्धात तिमोरी मेले त्याचा अंदाज चाळीस ते सत्तर हजार असा करतात.

चहाबाज

भजी बाजूला ठेवली.

मुरुडची_माई

मृण्मयी, लिहीत जा गं.

नांगर_उचला

मृण्मयीताई, पटलं. आपल्याकडच्या खलाशांचंही तसंच. युद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं भरपूर होती, कोकणी मुसलमान विशेष. बेंगॉलच्या पराक्रमात कप्तान विल्सनचं नाव येतं. तोफेवर गोळा चढवणाऱ्याचं कुठे येतं?

आता मूळ प्रश्नावर. दोन दिवस डोक्यात घोळतोय. बुडण्याबद्दल मी अजूनही पोपना दोष देणार नाही. धोका माहीत असताना बोट पाठवणं हे त्या खुर्चीचं कामच आहे. मला सलतं ते नंतरचं. पाण्यात पडलेल्यांपाशी एक मोटरबोट, एक फुटकी व्हेलर, म्हणजे वल्ह्यांची होडी, आणि मोडतोडीतून बांधलेला तराफा. डार्विनला लगेच खात्री नाही की बोट गेली, कारण बोटींनी रेडिओवर गप्प राहायचं असा नियम. गप्प बोट आणि बुडालेली बोट वरून सारखीच. दुसऱ्या दिवशी रिचर्ड्स वीसेक जण घेऊन मोटरबोटीने दक्षिणेला निघाला, आपल्या विमानांच्या टप्प्यात यायला. ५ तारखेला फाटकी व्हेलर ठिगळं लावून आणखी २९ जण निघाले. या दोन्ही होड्यांना शोधून कॅलगूर्ली या बोटीने उचललं. तीही बाथर्स्टच.

तराफ्यावरचे ८ तारखेला विमानाला दिसले. हात हलवताना त्यांचा फोटोही आहे. समुद्र खवळलेला, पाण्यावर उतरणारं विमान उतरू शकलं नाही. नंतर बोट गेली तेव्हा तिथे काही नव्हतं. १३ तारखेला शोध थांबवला.

मी असा शोध केलाय. युद्धातला नव्हे, वादळातला, मच्छीमारांसाठी. वरून एकदा दिसलेला ठिपका दुसऱ्यांदा सापडत नाही तेव्हा काय होतं ते इथे लिहीत नाही.

तिरकस_तिरोडकर

साहेब, माझं म्हणणं तसंच आहे, दुसरी फेरी चूकच. पण तुमच्या शेवटच्या ओळीपुढे वाद घालणार नाही.

खारवीदादा

वादळातल्या शोधाबद्दल बोललात म्हणून हात जोडतो. आमचे दोघे तसेच मिळाले होते, तिसऱ्या दिवशी.

यारातीरी

काल बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला, खारवीदादांचा प्रतिसाद दोनदा. आज पुन्हा विल्यम्सटाउनला गेलो. बाबा तोफेकडे फिरकलेच नाहीत, सरळ पिछाडीला. तिथे विंच आहे. त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि वायर कुठून सुटत असेल, फळी कुठे लटकवत असतील, बोटाने हवेत रेघा मारत राहिले. स्वयंसेवक आजोबा आले. यांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. पंधरा मिनिटं दोघे हातवारे करत होते. मग बाबांनी मला हाक मारली: "विचार त्यांना, हिने कधी एक तरी सुरुंग काढला का?"

आजोबा हसले. म्हणाले, बाकी सगळी कामं करून झाल्यावर, शेवटी शेवटी.

गुरुवारी बाबांचं परतीचं विमान आहे.

खारवीदादा

बाबांना म्हणावं मिरकरवाड्याला या. फळ्या खऱ्याखुऱ्या दाखवतो, पाण्यात सोडून. मात्र नारळी पौर्णिमेनंतरच या, आता बंदी आहे, बोट वर ओढून ठेवलीय.